नाश्त्याच्या टेबलावरचं भांडण

१७ सप्टेंबर १९११ची सकाळ. अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभारलेली एक लाकडी झोपडी. आत एक टेबल आणि त्याभोवती बसलेली माणसं. आचाऱ्याने नेहमीप्रमाणे कुट्टूच्या पिठाची गरमागरम धिरडी आणून ठेवली आहेत. पण आज कोणी फारसं बोलत नाहीये. मग मोहिमेचा प्रमुख दोघांकडे वळतो आणि विचारतो, की काल रात्री परत यायला तुम्हाला एवढा उशीर का झाला?

प्रश्न साधाच होता. पण ज्यांना विचारला त्यांच्यातला एकजण उसळला. इतक्या थंडीत माणसांना मागे टाकून प्रमुख स्वतः पुढे पळून येतो, याला मोहीम म्हणायचं की घाबरगुंडी, असं त्याने सगळ्यांच्या देखत विचारलं. मुळात इतक्या लवकर निघायचा निर्णयच चुकीचा होता आणि आपण तसं आधीच सांगितलं होतं, हेही सुनावलं. बाकीचे खाली मान घालून ऐकत राहिले.

तो प्रमुख म्हणजे रोआल्ड अमुंडसेन. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल ठेवणारा माणूस म्हणून आपण त्याला शाळेच्या भूगोलापासून ओळखतो. मोहिमेवर त्याने जाडजूड पुस्तक लिहिलं, पण हे भांडण त्यात नाही. आणि मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची सकाळ हीच, ध्रुवावरची नव्हे. ज्याने कधी एकांकिकेची टीम बांधलीय, किंवा आठ-दहा जणांना घेऊन ट्रेकला गेल्यावर भर रात्री वाट चुकलीय, त्याला हे टेबल ओळखीचं वाटेल.

अमुंडसेनचा जन्म १६ जुलै १८७२चा, नॉर्वेतल्या बोर्गे गावचा. घर जहाजवाल्यांचं. चार भावांत हा धाकटा. चौदाव्या वर्षी वडील गेले. निदान धाकट्याने तरी समुद्राचा नाद सोडून डॉक्टर व्हावं, एवढीच आईची इच्छा. (ही आई जगात सगळीकडे सापडते.) त्याने मेडिकलला प्रवेश घेतलाही, पण वाचायचा मात्र ध्रुवीय मोहिमांची पुस्तकं. लहानपणी जॉन फ्रँकलिनच्या मोहिमांबद्दल वाचून तो वेडा झाला होता. शरीर तयार व्हावं म्हणून नॉर्वेच्या हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून झोपायचा. १८९३मध्ये आई गेली आणि एकवीस वर्षांच्या या पोराने मेडिकल सोडून दिलं.

वाचता वाचता त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती. बऱ्याच मोहिमांत प्रमुख एक असायचा आणि जहाजाचा कप्तान दुसराच. प्रमुखाला जहाज चालवता यायचं नाही, कप्तानाला मोहिमेशी देणंघेणं नसायचं. मग एकाच जहाजावर दोन पार्ट्या पडायच्या आणि संकट आलं की माणसं आधी एकमेकांशी लढायची, बर्फाशी नंतर. अमुंडसेनने ठरवलं, की आपण आधी खलाशी व्हायचं, कप्तानाचा परवाना काढायचा आणि मगच मोहीम काढायची. नेतृत्वाचा विचार त्याने असा पंचविशीच्या आतच सुरू केला होता.

त्याचं खरं कॉलेज म्हणजे ‘बेल्जिका’ हे जहाज. १८९७मध्ये ही बेल्जियन मोहीम अंटार्क्टिकाकडे निघाली, अमुंडसेन त्यात मेट होता. १८९८च्या मार्चमध्ये जहाज बर्फात अडकलं ते वर्षभर सुटलंच नाही. अंटार्क्टिकाच्या त्या काळोखात हिवाळा काढणारी ती पहिली मंडळी. बेल्जियन, नॉर्वेजियन, एक अमेरिकन, एक रुमानियन, पोलंडचे शास्त्रज्ञ, सगळ्यांच्या भाषा वेगळ्या. स्कर्व्हीने माणसं सुजायला लागली, काहींचा मानसिक तोल ढळला. मोहिमेचा अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक सांगत होता, की सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खा, बरे व्हाल. पण प्रमुख आद्रियां द जेर्लाश याला ते मांस नकोसं होतं. प्रमुखच तोंड वाकडं करतोय म्हटल्यावर बाकीचे तरी कशाला खातील? शेवटी माणसं अंथरुणाला खिळल्यावर कुकचं ऐकलं गेलं आणि ती उठून बसली.

इथे अमुंडसेनला आणखी एक धक्का बसला. प्रमुखाला काही झालं तर जबाबदारी कोणाकडे जाणार, याचं एक कलम मायदेशी आधीच ठरलं होतं. सूत्रं बेल्जियन माणसाकडेच राहणार होती. मेट असलेल्या अमुंडसेनला हे कळलं तेव्हा ते बर्फात अडकलेले होते. आपल्यापासून एवढी गोष्ट लपवली याचा त्याला इतका संताप आला, की त्याने मोहिमेशी असलेलं नातं तिथेच, बर्फातच तोडून टाकलं. अर्थात जाणार कुठे? काम करत राहिला. पण ती लपवाछपवी तो विसरला नाही. हे लक्षात ठेवा, कारण बारा वर्षांनी तो स्वतः काय करणार आहे ते पुढे येतंच आहे.

सात जणांचं जहाज

१६ जून १९०३च्या रात्री भर पावसात ‘योआ’ नावाची छोटी बोट गुपचूप ओस्लोच्या बंदरातून निघाली. तेव्हा ओस्लोचं नाव क्रिस्टियानिया होतं. गुपचूप का, तर देणेकरी दारात उभे होते. अमुंडसेनच्या डोक्यावरचं कर्ज हा त्याच्या आयुष्यभराचा सोबती. बोट ४७ टनांची, माणसं त्याला धरून सात. उद्देश, कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांमधून अटलांटिकहून पॅसिफिकला जाणारा वायव्य मार्ग शोधणं. ज्या मार्गाने मोठाल्या नौदलांच्या मोहिमा गिळल्या, तिथे हा सात जणांना घेऊन चालला होता.

मुद्दाम सातच. माणसं कमी असली की प्रत्येकाला दुसऱ्याचं काम येतं, अन्न कमी लागतं, गट पडत नाहीत, हा त्याचा हिशेब. ‘योआ’वर साहेब आणि खलाशी असे दोन वर्ग नव्हते. सगळे एकाच टेबलावर जेवत, पहाऱ्याची पाळी सगळ्यांना. काम कसं करायचं हे तो फारसं सांगत बसत नसे. काय व्हायला हवं ते सांगायचा आणि बाजूला व्हायचा.

दोन हिवाळे त्यांनी किंग विल्यम बेटावर काढले. तिथल्या नेत्सिलिक इन्युइट लोकांकडून अमुंडसेन सगळं शिकला. कातड्याचे कपडे सैल का घालायचे, घाम का येऊ द्यायचा नाही, कुत्रे कसे हाकायचे, बर्फाचं घर कसं बांधायचं. त्या काळचे बरेच युरोपीय अशा लोकांना शिकवायला जायचे, हा शिकायला बसला. १९०६मध्ये ‘योआ’ पॅसिफिकला पोचली. कित्येक शतकं लोक जो मार्ग शोधत होते तो एका छोट्या बोटीने पार केला. सातांपैकी एकजण, गुस्ताव विक, शेवटच्या हिवाळ्यात आजाराने वारला.

म्हणजे बघा, बेल्जिकावर काय चुकलं ते त्याने पाहिलं होतं आणि योआवर काय जमतं ते करून दाखवलं होतं. छोट्या गटाचा एवढा अभ्यास केलेला नेता त्या काळात क्वचितच असेल.

मदीरा बेटावरचा नकाशा

आता उत्तर ध्रुव. फ्रित्यॉफ नान्सेन म्हणजे नॉर्वेचा हीरो. त्याने आपलं ‘फ्राम’ हे मजबूत जहाज अमुंडसेनला द्यायचं कबूल केलं. सरकारकडून पैसे मिळाले, तयारी सुरू झाली. आणि सप्टेंबर १९०९मध्ये बातमी आली, की फ्रेडरिक कुक (हो, तोच बेल्जिकावरचा डॉक्टर) उत्तर ध्रुवावर जाऊन आला. आठवडाभरात दुसरी बातमी आली, रॉबर्ट पिअरीही पोचल्याचा दावा करतोय. दोघांच्याही दाव्यांवर नंतर वाद झाले, पण अमुंडसेनचं गणित त्याच क्षणी बिघडलं. दुसऱ्या नंबरच्या मोहिमेला पैसे कोण देणार?

त्याने मनातल्या मनात जहाजाचं तोंड फिरवलं. दक्षिण ध्रुव अजून बाकी होता. इंग्लंडचा रॉबर्ट फाल्कन स्कॉट तिकडेच निघाला होता. पण हे अमुंडसेनने ना नान्सेनला सांगितलं, ना सरकारला, ना देणगीदारांना. भाऊ लिऑनला माहीत होतं. जहाजाचा कप्तान आणि दोन अधिकारी यांना निघण्याआधी विश्वासात घेतलं. बाकी सगळ्यांशी तो सरळ खोटं बोलला. ९ ऑगस्ट १९१०ला ‘फ्राम’ने नॉर्वे सोडलं, तेव्हा खलाशी एकमेकांना विचारत होते, की उत्तरेलाच जायचंय आणि वाटेत अलास्का आहे, तर शंभरेक कुत्रे विषुववृत्त ओलांडून कशाला न्यायचे? आणि ही पाडून नेता येणारी लाकडी झोपडी कशाला?

बेल्जिकावर लपवाछपवी झाली म्हणून पेटून उठणारा माणूस हाच.

९ सप्टेंबर १९१०ला मदीरा बेटाजवळ त्याने सगळ्यांना डेकवर बोलावलं. नकाशा टांगला. नकाशा अंटार्क्टिकाचा होता. त्याने थोडक्यात सांगितलं, की उत्तर ध्रुवाआधी आपण दक्षिणेला चाललोय, आणि यायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं. मग त्याने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. सगळ्यांना मान्य आहे ना, असं घोळक्याला विचारून तो मोकळा झाला नाही. एकेकाला नावाने हाक मारली आणि एकेकाकडून उत्तर घेतलं. सगळे हो म्हणाले. जहाजावर एकदम उत्साह आला म्हणतात.

नावाने विचारल्यावर दिलेला होकार आणि गर्दीत मान हलवून दिलेला होकार, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिला आपला असतो. पुढे उणे पन्नासमध्ये हातपाय गारठले तरी प्रत्येकाला आठवत होतं, की मी स्वतः हो म्हटलंय. पण दुसरी बाजूही बघायला हवी. घरापासून इतक्या लांब, सगळे मित्र हो म्हणत असताना, नाही म्हणायची मोकळीक कितपत होती? अमुंडसेनने निर्णय सगळ्यांचा केला खरा, पण तो घेऊन झाल्यावर. स्कॉटला ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियात पोचल्यावर तार मिळाली, की अमुंडसेन दक्षिणेला येतोय.

हो म्हणणाऱ्यांत यालमार योहान्सेन होता. नाश्त्याला उसळला तो हाच.

योहान्सेन त्या गटातला सगळ्यात अनुभवी माणूस, अमुंडसेनपेक्षा पाच वर्षांनी मोठा. १८९५मध्ये तो आणि नान्सेन दोघेच ‘फ्राम’ सोडून उत्तर ध्रुवाकडे चालत निघाले होते. ८६ अंशांच्या पुढे गेले, तिथून मागे फिरले आणि एका निर्जन बेटावर दगड-कातड्यांच्या खोपट्यात आख्खा हिवाळा काढून जिवंत परतले. नान्सेन त्या प्रवासाने जगप्रसिद्ध झाला. योहान्सेन घरी आला, नोकरीत रमला नाही, दारूच्या आहारी गेला, संसार मोडला. नान्सेनने शब्द टाकला म्हणून अमुंडसेनने त्याला घेतलं. स्वतःच्या मर्जीने घेतला असता का, शंकाच आहे.

धिरडी आणि थर्मामीटर

जानेवारी १९११मध्ये ‘फ्राम’ व्हेल्सच्या उपसागरात पोचलं. बर्फावर झोपडी उभी राहिली, नाव फ्रामहाइम. जहाज परत गेलं आणि मागे नऊजण उरले: अमुंडसेन, योहान्सेन, प्रेस्ट्रुड, हेल्मर हान्सेन, विस्टिंग, हासेल, ब्यालांड, स्टुबेरुड आणि आचारी लिंडस्ट्रोम. हिवाळ्याआधी त्यांनी ८०, ८१ आणि ८२ अंशांवर अन्नाचे साठे करून ठेवले. साठा धुक्यात चुकू नये म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना आडवी लांबलचक निशाणांची रांग लावली. वाट चुकून बाजूने गेलात तरी एखादं निशाण दिसणारच. असली साधी अक्कल त्या मोहिमेत जागोजागी दिसते.

मग चार महिने सूर्य नाही. बेल्जिकावर याच काळोखाने माणसं वेडी झाली होती, म्हणून अमुंडसेनने प्रत्येकाला काम नेमून दिलं. बर्फात भुयारं खोदून कारखाने थाटले. ब्यालांड नावाजलेला स्कीपटू, पण सुतारकामातही उस्ताद. त्याने वजनदार स्लेज रंध्याने तासून तासून जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाच्या केल्या. विस्टिंग शिलाई मशीन घेऊन तंबू शिवत बसायचा. कामाचे तास ठरलेले, संध्याकाळ आपली.

आणि एक मजेशीर गोष्ट. रोज सकाळी प्रत्येकाने बाहेर जाऊन यायचं आणि तापमान किती आहे याचा अंदाज सांगायचा. ज्याचा अंदाज बरोबर त्याला बक्षीस. वरवर खेळ, पण त्यामागे दोन हेतू होते. थर्मामीटर फुटला तरी अंदाज बांधता यायला हवा, आणि प्रत्येक माणूस सकाळी सकाळी थोडी मोकळी हवा खाऊन टेबलावर यायला हवा. उठल्या उठल्या माणसं चिडचिडी असतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. हॉस्टेलवर राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

इतका बारीक विचार करणारा माणूस. पण ऑगस्ट उजाडला आणि त्याची झोप उडाली. स्कॉटकडे मोटरस्लेज होत्या. आपण इथे ऊन पडायची वाट बघत बसलोय आणि त्या मोटरी घरघरत ध्रुवाकडे निघाल्या असतील तर? त्याने लवकर निघायचं ठरवलं. योहान्सेनने विरोध केला. सप्टेंबरमध्ये थंडी फार असते, कुत्रे टिकणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. अमुंडसेनने ऐकलं नाही.

८ सप्टेंबरला लिंडस्ट्रोमला मागे ठेवून आठजण निघाले. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले, मग तापमान उणे छपन्न. होकायंत्रातला द्रव गोठला. कुत्र्यांचे पाय फाटले, काही झोपले ते उठलेच नाहीत. दीडशे किलोमीटरवरच्या ८० अंशांच्या साठ्यापर्यंत कसेबसे जाऊन, सामान टाकून ते मागे फिरले. इथवर अमुंडसेनचं चुकलं असेल, पण परत फिरण्याचा निर्णय त्याने घेतला हे मान्य करायला हवं. चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणं भल्याभल्यांना जमत नाही.

खरा घोटाळा १६ तारखेला झाला. झोपडी सत्तर किलोमीटरहून जास्त लांब होती. एका दिवसात गाठायची म्हणून सगळे सुटले. अमुंडसेन विस्टिंगच्या स्लेजवर बसला, बरोबर हान्सेन. या दोघांचे कुत्रे सगळ्यात दमदार. ते जे निघाले ते मागे न बघता दुपारी चारला झोपडीवर. बाकीचे जमेल तसे संध्याकाळी पोचले. प्रेस्ट्रुडचे कुत्रे कोलमडले होते, टाचा थंडीने मेल्या होत्या आणि त्याच्याजवळ ना अन्न होतं, ना स्टोव्ह. योहान्सेनला ते दिसलं. तो थांबला. त्याने प्रेस्ट्रुडला बरोबर घेतलं आणि उणे पन्नासच्या अंधारात कुत्र्यांच्या भुंकण्याच्या रोखाने वाट काढत मध्यरात्र उलटून गेल्यावर त्याला जिवंत आणलं.

आणि सकाळी अमुंडसेनने विचारलं, उशीर का झाला.

योहान्सेनचं बोलणं संपल्यावर अमुंडसेनने काय केलं? तो ओरडला नाही. वादही घातला नाही. दुपारच्या जेवणाला त्याने जाहीर केलं, की योहान्सेन ध्रुवावर जाणार नाही. योहान्सेन, प्रेस्ट्रुड आणि स्टुबेरुड अशा तिघांची वेगळी तुकडी पूर्वेकडच्या किंग एडवर्ड सातवा प्रदेशाच्या पाहणीला जाईल. तुकडीचा प्रमुख प्रेस्ट्रुड, म्हणजे योहान्सेनपेक्षा चौदा वर्षांनी लहान, ज्याचा जीव त्याने आदल्याच रात्री वाचवला होता तो. योहान्सेनने हुकूम लेखी मागितला, अमुंडसेनने लेखी दिला. एका झोपडीत, एका टेबलावर जेवणारी दोन माणसं आता चिठ्ठ्यांनी बोलू लागली. बाकीच्यांना त्याने पुन्हा एकेकट्याने विचारलं, की तू माझ्याबरोबर आहेस ना? मदीराचीच पद्धत, पण या वेळी तिचा अर्थ वेगळा होता.

अमुंडसेनची बाजू अगदीच लंगडी नव्हती. नऊ माणसांत एकजण प्रमुखाला सगळ्यांसमोर घाबरट ठरवतो आणि त्याच माणसाला घेऊन तीन महिने ध्रुवाकडे चालायचं, हे अवघडच. बेल्जिकावर दोन पार्ट्या पडलेल्या त्याने पाहिल्या होत्या, त्याची भीती खरी होती. हेच योहान्सेनने त्याला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर? कदाचित चित्र वेगळं असतं. पण प्रश्न अमुंडसेनने सगळ्यांसमोर विचारला होता, उत्तरही सगळ्यांसमोरच मिळालं.

आता पुढचं बघा. अमुंडसेन पुन्हा घाईने निघाला नाही. ऊब यायची वाट पाहिली आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघाला. आठ नाही, पाचच माणसं नेली. वाटेवर कोणी एकटा मागे पडला नाही. योहान्सेनने जे सांगितलं होतं त्यातला जवळपास शब्द न् शब्द त्याने पाळला, आणि सांगणाऱ्याला बाहेर काढलं. त्या टेबलावरचं सगळ्यात शहाणं वाक्य उपयोगात आलं, पण त्याची किंमत बोलणाऱ्याने एकट्याने मोजली. पुस्तकात अमुंडसेनने लिहिलं ते एवढंच, की लहान तुकडी जास्त सोयीची म्हणून बेत बदलला.

ध्रुवाचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे, लांबण लावत नाही. पाच माणसं, चार स्लेज, बावन्न कुत्रे. वाटेत बरेच कुत्रे मारून माणसांना आणि उरलेल्या कुत्र्यांना खायला घातले. हा हिशेब निघण्याआधीच कागदावर मांडलेला होता, वाचताना पोटात कालवतं. १४ डिसेंबर १९११ला दुपारी ते ध्रुवावर होते. थोडं आधी हान्सेनने अमुंडसेनला पुढे चालायला सांगितलं, पुढे कोणी असेल तर कुत्रे नीट पळतात या निमित्ताने. पहिलं पाऊल प्रमुखाचं पडावं ही त्यामागची माया. आणि अमुंडसेनने झेंडा एकट्याने रोवला नाही. पाचही जणांनी काठीला हात लावला, सगळे हात थंडीने फाटलेले. २५ जानेवारी १९१२च्या पहाटे, ९९ दिवसांनी पाचही जण धडधाकट झोपडीत परतले. तोवर स्कॉट आणि त्याचे चार साथी ध्रुवावर पोचून, अमुंडसेनचा तंबू पाहून परत फिरले होते. पाचांपैकी एकही घरी पोचला नाही.

योहान्सेन? पूर्वेकडची पाहणी त्या तिघांनी व्यवस्थित पार पाडली. पण होबार्टला पोचल्यावर त्याचं पिणं पुन्हा सुरू झालं. अमुंडसेनने त्याला वेगळं, एकटं घरी पाठवलं आणि स्वागत-समारंभांत त्याला घेऊ नये असंही मायदेशी कळवलं. जानेवारी १९१३मध्ये योहान्सेनने क्रिस्टियानियात स्वतःला गोळी घालून घेतली. वय ४५. या मृत्यूचं खापर एकट्या अमुंडसेनवर फोडणं बरोबर नाही, तो माणूस आधीपासून खचलेला होता. पण खचलेल्या माणसाचा शेवटचा आधार काढून घेतला गेला, हे खरं.

अमुंडसेन या सगळ्यातून काही शिकला का? १९२५चा एक प्रसंग सांगतो. लिंकन एल्सवर्थ या अमेरिकन सोबत्याच्या पैशावर दोन विमानं घेऊन सहाजण उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि ८८ अंशांच्या अलीकडेच बर्फावर उतरावं लागलं. एक विमान कामातून गेलं. दुसऱ्यासाठी धावपट्टी करायला हवी. हातात धड अवजारं नाहीत, अन्न मोजून. तीन आठवड्यांहून जास्त काळ सहाजण बर्फ तोडत राहिले, पाचशेएक टन बर्फ हलवला. अमुंडसेनने वेळापत्रक घालून दिलं होतं. जेवण, काम, झोप सगळं घड्याळावर. आणि एक तारीख ठरवली होती, १५ जून. तोवर उडता आलं नाही, तर विमानापाशी थांबायचं की चालत जमीन गाठायचा प्रयत्न करायचा, हे ज्याने त्याने स्वतः ठरवायचं. त्याच १५ जूनला विमान सहाही जणांना घेऊन उडालं. इथे बावन्न वर्षांचा अमुंडसेन पुन्हा ‘योआ’वरचा वाटतो.

पण पुढच्याच वर्षी ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून अलास्काला जाताना त्याचं इटालियन रचनाकार आणि चालक उंबेर्तो नोबिलेशी बिनसलं. मोहीम कोणाची, श्रेय कोणाचं, झेंडा कोणाचा मोठा, असली भांडणं. एका जहाजावर दोन मालक! तरुणपणी पुस्तकं वाचून ज्या रोगाचं निदान केलं होतं, त्यानेच म्हातारपणी त्याला गाठलं. १९२७च्या आत्मचरित्रात त्याने नोबिलेवर इतकं तोंडसुख घेतलं, की जवळचे मित्रही ओशाळले. त्याआधी कर्जापायी दिवाळं निघालं होतं, लिऑन भावाशी संबंध तुटले होते. विस्टिंग मात्र शेवटपर्यंत राहिला. ‘नोर्गे’वरही तो होता.

२५ मे १९२८ला नोबिलेचं दुसरं हवाई जहाज ‘इटालिया’ उत्तर ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळलं. शोधायला येणार का, असं विचारल्यावर अमुंडसेनने तयारी दाखवायला क्षणही लावला नाही. ज्या माणसाचं नावही नको होतं, त्याच्यासाठी. १८ जूनच्या दुपारी तो पाच साथीदारांबरोबर ट्रॉम्सोहून ‘लाथाम’ या फ्रेंच विमानात बसला. काही तासांतच रेडिओ बंद पडला. नोबिलेला २४ जूनला एका स्वीडिश वैमानिकाने उचलून आणलं. अमुंडसेनच्या विमानाचा एक तरंगता भाग ऑगस्टअखेर समुद्रात सापडला. अमुंडसेन मात्र कधीच सापडला नाही.